साफ केलेल्या कॉम्प्युटरवर रॅन्समवेअर पुन्हा का येतं? फॉरमॅट मारण्याआधी तपासायच्या गोष्टी

"सर, फायली उघडंनात. सगळ्यांची नावंच बदलल्यात बघा."

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या अकाउंटंटचा हा फोन मला सकाळी पावणेनऊला आला. त्याआधी २३ दिवसांपूर्वी याच माणसाने जवळजवळ याच शब्दांत फोन केला होता. त्या वेळी मी सर्व्हर फॉरमॅट केला, विंडोज नव्याने टाकलं, ॲन्टिव्हायरस बसवला, पेन ड्राइव्हवरच्या बॅकअपमधून हिशेब परत आणले आणि मालकांना सांगितलं, काम झालं. ते झालं नव्हतं. दुसऱ्या खेपेला बॅकअपची नवी हार्ड डिस्कसुद्धा सर्व्हरलाच जोडलेली होती आणि तीही कुलूपबंद झाली. हिशेब, कास्टिंगची ड्रॉइंगं, गिऱ्हाइकांना द्यायची टेस्ट सर्टिफिकेटं, सगळं एका रात्रीत गेलं.

हे रॅन्समवेअर होतं, म्हणजे फायलींना कुलूप घालून ते उघडण्यासाठी खंडणी मागणारा प्रोग्रॅम. तशी दुसरी सकाळ दुसऱ्या कुणावर येऊ नये म्हणून हे लिहितोय. फौंड्री, मार्केट यार्डातलं अडत दुकान, पेठेतलं डीटीपी सेंटर अशा ठिकाणी मी जी प्रकरणं हाताळली, त्यांत पुन्हा लागण होण्याचं कारण दर वेळी एकच निघालं. चोराने केलेली नासधूस आम्ही आवरली, पण तो ज्या दारातून आला ते दार शोधलंच नाही.

आधी कुलूप कसं लागतं ते

लोक म्हणतात फायली करप्ट झाल्या. त्या मोडलेल्या नसतात, त्यांना कुलूप घातलेलं असतं. दाबलं की बंद होणारं कुलूप तुम्ही पाहिलं असेल. ते लावायला किल्ली लागत नाही, कुणीही लावू शकतं; उघडायला मात्र किल्लीच लागते. रॅन्समवेअर याच तत्त्वावर चालतं. फायलींना ते एईएस किंवा साल्सा२० सारख्या वेगवान पद्धतीने कुलूप घालतं, मग त्या कुलपाची किल्ली एका पेटीत टाकतं आणि ती पेटी आरएसए नावाच्या दुसऱ्या पद्धतीने दाबून बंद करतं. पेटीची किल्ली तुमच्या कॉम्प्युटरवर कधी आलेलीच नसते. ती पहिल्यापासून गुन्हेगाराकडे असते. २०४८ बिटांच्या आरएसएमध्ये जी मोठी संख्या असते ती ६१७ अंकी असते आणि तिचे दोन अवयव शोधून काढणं आजच्या कोणत्याही कॉम्प्युटरला जमत नाही.

म्हणून ॲन्टिव्हायरस चोराला बाहेर काढू शकतो, कुलूप काढू शकत नाही. "चांगला ॲन्टिव्हायरस टाका, फायली उघडतील" असं सांगणाऱ्याकडे कॉम्प्युटर देऊ नका.

हा धंदा जुना आहे. १९८९ मध्ये एड्सची माहिती म्हणून सुमारे २०,००० फ्लॉपी पोस्टाने वाटल्या गेल्या आणि फायलींची नावं कुलूपबंद करून १८९ डॉलर पनामातल्या एका पोस्टाच्या पेटीवर पाठवायला सांगितले गेले. तेव्हा किल्ली त्याच प्रोग्रॅममध्ये दडलेली होती, त्यामुळे जाणकारांनी उतारा, म्हणजे कुलूप उघडणारा प्रोग्रॅम, काढला. २०१३ च्या क्रिप्टोलॉकरने किल्ली आपल्याकडे ठेवून पैसे बिटकॉइनमध्ये मागायला सुरुवात केली आणि तिथून उतारा काढणं अवघड झालं.

पहिला अर्धा तास

नेटवर्कची केबल काढा, वायफाय बंद करा. जोडलेल्या सगळ्या डिस्क आणि पेन ड्राइव्ह काढा. डोळ्यांदेखत फायलींची नावं बदलत असतील तर सरळ वीज तोडा, कारण त्या क्षणी वाचेल तेवढी फाइल वाचवणं महत्त्वाचं. नावं बदलायची थांबली असतील तर मात्र मशीन चालूच राहू द्या, फक्त नेटवर्कपासून तोडलेलं. रीस्टार्ट करू नका. पुढे सांगतो त्या जातींपैकी काही स्टार्टअपमध्ये स्वतःची प्रत ठेवतात आणि मशीन पुन्हा चालू झालं की उरलेल्या फायलींवर तुटून पडतात.

स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढा. खंडणीची चिठ्ठी पुसू नका. फाइलचं नाव बदलून शेवटची अक्षरं काढून टाकली म्हणजे ती उघडेल, या आशेने नावांशी खेळू नका. नमुना ओळखायला तीच अक्षरं उपयोगी पडतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. घरी, कपाटात किंवा मालकांच्या गाडीत एखादी चांगली बॅकअप डिस्क असेल तर ती त्या मशीनला जोडू नका. घाबरलेला माणूस पहिल्यांदा नेमकं हेच करतो. "डाटा हाय का बघतो" म्हणत डिस्क लावली आणि शेवटची शाबूत प्रत पाच मिनिटांत गेली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

कोणती जात आहे ते ओळखा

आयडी रॅन्समवेअर नावाची एक मोफत साइट आहे. तिथे खंडणीची चिठ्ठी आणि एक कुलूपबंद फाइल दिली की जात कोणती ते कळतं. नमुन्याला बिनमहत्त्वाची फाइल निवडा, गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग नको. दुसरी साइट नो मोअर रॅन्सम. डच पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी ती जुलै २०१६ मध्ये सुरू केली. उपलब्ध असलेले मोफत उतारे तिथे एका जागी मिळतात. हे काम दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून करा.

आमच्या भागातल्या छोट्या धंद्यांत मला मुख्यतः दोन घराणी भेटली. एक स्टॉप डीजेव्हीयू, जे घरगुती आणि एकट्या-दुकट्या कॉम्प्युटरवर येतं. दुसरं फोबोस आणि त्याचा थोरला भाऊ धर्मा, जे सर्व्हरवर येतात. फोबोसच्या फाइलच्या नावात एक ओळख क्रमांक आणि चौकटी कंसात ईमेल पत्ता घुसवलेला दिसतो. या दोन घराण्यांची आत शिरण्याची वाट वेगळी, त्यामुळे शोधायचं दारही वेगळं.

ते पुन्हा येतं कुठून

डीटीपी सेंटरची गोष्ट आधी सांगतो. लग्नपत्रिका आणि पेठेतल्या तालमींच्या फ्लेक्सची डिझाईनं करणारा तरुण पोरगा. गणपतीच्या तोंडावर सगळी डिझाईनं कुलूपबंद झाली. चिठ्ठीत ९८० डॉलर मागितले होते आणि ७२ तासांत बोललात तर निम्मे, म्हणजे ४९० डॉलर. हे स्टॉप डीजेव्हीयूचं ठरलेलं बोलणं. त्याने ॲन्टिव्हायरस चालवला, काहीतरी सापडलं, काहीतरी पुसलं. मग गिऱ्हाइकांच्या मोबाइलवरून फोटो परत मागवून घेतले आणि कॉम्प्युटरवर टाकले. चहा पिऊन आला तोवर तेही बंद. "दादा, आत्ता टाकल्यात की मी!" असं तो रडकुंडीला येऊन सांगत होता.

ठरल्या वेळी प्रोग्रॅम आपोआप चालवणारा विंडोजचा टास्क शेड्युलर उघडला तर 'टाइम ट्रिगर टास्क' नावाचं एक काम लावलेलं होतं. दर पाच मिनिटांनी रॅन्समवेअरची प्रत चालू करायची, एवढंच ते करायचं. प्रत ॲपडेटाच्या लोकल फोल्डरमध्ये, लांबलचक अक्षरांकांच्या नावाच्या फोल्डरात होती. काम पुसलं, फोल्डर पुसला, तरी मी त्याला विंडोज नव्याने टाकायला सांगितलं, आणि त्याचं कारण वेगळं होतं. डीजेव्हीयू बऱ्याचदा एकटं येत नाही. ते ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरणारा साथीदार बरोबर आणतं. ईमेल, बँक, फेसबुक यांचे पासवर्ड त्याच दिवशी दुसऱ्या मशीनवरून बदलले नाहीत तर महिन्याभराने वेगळ्याच रूपात त्रास सुरू होतो. होस्ट्स नावाच्या फाइलमध्येही ते फेरफार करतं, म्हणजे मदत करणाऱ्या साइट उघडतच नाहीत आणि माणसाला वाटतं इंटरनेट बिघडलंय.

विंडोज नवं झालं. आठवड्याने पुन्हा फोन. त्याने पेन ड्राइव्हमधल्या 'सॉफ्टवेअर' नावाच्या फोल्डरातून डिझाईनचं तेच क्रॅक केलेलं, म्हणजे परवान्याशिवाय चालावं म्हणून फोडलेलं, सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं होतं. रॅन्समवेअर आलं होतं त्या क्रॅकमधूनच. इथे मला पोराला दोष द्यायचा नाही. महिन्याचं भाडं, विजेचं बिल भागवून परवान्याचे पैसे कुठून आणायचे हा त्याचा खरा प्रश्न आहे. पण क्रॅक चालवताना ॲन्टिव्हायरस बंद करा अशी सूचना असते आणि तो आपल्या हाताने बंद केला जातो, हे समजून घ्या. त्याला आम्ही मोफत मिळणारी इंकस्केप आणि गिंप ही सॉफ्टवेअरं बसवून दिली. सुरुवातीला हात बसायला वेळ लागला. आज तो त्यावरच फ्लेक्स करतो.

आता फौंड्री. दुसऱ्या वेळी मी फॉरमॅटला हात लावला नाही. पहिल्या वेळी फॉरमॅट मारून मीच सगळ्या खुणा पुसल्या होत्या, ही माझी खरी चूक. आता हार्ड डिस्कची पूर्ण प्रत काढली आणि इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतला सिक्युरिटी लॉग उघडला. ४६२५ क्रमांकाची नोंद म्हणजे चुकीच्या पासवर्डने झालेला प्रयत्न. त्या नोंदी पानंच्या पानं भरून होत्या. ॲडमिन, युजर, टेस्ट, टॅली, स्कॅनर अशी नावं घालून कुणीतरी रात्रंदिवस दार ठोठावत होतं. मग रात्री दोननंतर ४६२४ क्रमांकाची एक नोंद, म्हणजे आत शिरता आलं. लॉगऑन टाइप १०, म्हणजे रिमोट डेस्कटॉप या दुरून मशीन चालवायच्या विंडोजच्या सोयीतून. खातं होतं अकाउंटंटचं, आणि पासवर्ड त्याच नावापुढे १२३.

मालकांना ताराबाई पार्कातल्या घरून हिशेब बघायचे असायचे. त्यासाठी कुणीतरी राउटरमधून ३३८९ क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं नेटवर्कवरचं दार, बाहेरच्या जगाला उघडून दिला होता. मी सर्व्हर फॉरमॅट केला, पण राउटरला हात लावला नाही. आणि काम लवकर सुरू व्हावं म्हणून सगळ्यांना जुनेच पासवर्ड दिले. दार तेच, किल्ली तीच, फक्त घर नवं.

तुमचं दार उघडं आहे का ते तपासायचा सोपा मार्ग असा. मोबाइलचं वायफाय बंद करून डेटा चालू करा. रिमोट डेस्कटॉपचं ॲप घेऊन ऑफिसचा स्थिर आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा कायमचा पत्ता, टाका. लॉगिनची खिडकी आली तर ती जगातल्या प्रत्येकाला येते. सीसीटीव्ही घरून बघता यावा म्हणून ज्यांनी स्थिर आयपी घेतलाय, त्यांनी हे आजच करून बघा. ३३८९ च्या जागी दुसरा क्रमांक दिला म्हणजे भागलं असं समजू नका. शोधणारे प्रोग्रॅम सगळे क्रमांक चाळतात. पोर्ट बंदच करा आणि घरून यायचं तर आधी व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटवरच्या खाजगी, सुरक्षित वाटेने, या. वायरगार्ड नावाचं व्हीपीएन मोफत आहे आणि चांगल्या राउटरवर बसतं. खात्याला चुकीच्या पासवर्डची मर्यादा घाला, दहा चुकांनंतर दहा मिनिटं खातं बंद. रोजच्या वापराच्या खात्याला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार देऊ नका. सिक्युरिटी लॉगची मूळ मर्यादा २० एमबीची असते आणि एवढ्या ठोठावण्यात ती लवकर भरून जुन्या नोंदी पुसल्या जातात, म्हणून ती वाढवा. लॉगमध्ये ११०२ ही नोंद दिसली तर कुणीतरी तो मुद्दाम पुसलाय असं समजा.

सर्व्हरवर माणूस शिरला असेल तर तो पुन्हा येण्याची सोय करून जातो, हे विसरू नका. वापरकर्त्यांच्या यादीत अनोळखी नाव आहे का बघा. ॲनीडेस्कसारखं दुरून चालवायचं सॉफ्टवेअर कुणी टाकलंय का बघा. लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट पाच वेळा दाबा. तिथे काळी कमांडची खिडकी उघडली तर चोराने मागचं दार बसवलंय आणि ते पासवर्ड न विचारता आत घेतं. मशीन कुलूपबंद करण्याआधी असा माणूस तासन् तास आत फिरतो. ॲन्टिव्हायरस बंद करतो, डेटाबेसची सेवा थांबवतो म्हणजे त्या फायलींनाही कुलूप घालता येतं, विंडोजने राखलेल्या जुन्या प्रती, म्हणजे शॅडो कॉपी, पुसतो आणि नेटवर्कवर बॅकअप कुठे आहे ते हुडकून काढतो. मग मध्यरात्र निवडतो. म्हणूनच सर्व्हरच्या बाबतीत साफ करण्यावर माझा विश्वास उरलेला नाही. पुरावा काढून घ्या आणि डिस्क पूर्ण पुसून नव्याने बांधा, पण दार सापडल्यानंतर.

मार्केट यार्डातल्या अडत दुकानाचं प्रकरण लहान आहे. पाडव्याच्या मुहूर्त सौद्यांनंतर गुळाच्या पट्ट्या करायची घाई. जीएसटीच्या नोटिशीच्या नावाने आलेल्या ईमेलमधली फाइल दिवाणजींनी उघडली. नाव पीडीएफने संपल्यासारखं दिसत होतं, कारण विंडोज खरं शेपूट लपवतं. पुढे ईएक्सई होतं, म्हणजे तो प्रोग्रॅम होता. कॉम्प्युटर साफ झाला. चार दिवसांनी दुसऱ्या मुलाने तीच ईमेल उघडली, ती इनबॉक्समध्ये तशीच पडून होती. फाइल एक्सप्लोररमध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' ही खूण आजच चालू करा आणि लागण झालेली ईमेल प्रत्येक मशीनवरून, मोबाइलवरूनसुद्धा काढा.

कधी कधी दार तुमचं नसतंच. ३१ जुलै २०२४ ला देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे, त्यांत सहकारी बँका होत्या, यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार अडकले. बँकांत कुणी शिरलं नव्हतं. त्यांना तांत्रिक सेवा देणाऱ्या सी-एज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला होता, म्हणून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने तिला पेमेंटच्या जाळ्यापासून तात्पुरतं तोडलं. सहकारी बँका आणि पतसंस्थांच्या आपल्या जिल्ह्यात हे प्रत्येक संचालकाने लक्षात ठेवावं. तुमचं सॉफ्टवेअर देणारा, वार्षिक देखभालीचा करार घेतलेला एएमसीवाला, मी स्वतः, आम्ही सगळे तुमच्याकडे यायची दारं आहोत. आम्ही दुरून कसे येतो, कोणत्या पासवर्डने येतो, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. कुणी म्हणालं "पोर्ट उघडून द्या, त्याशिवाय सपोर्ट मिळणार नाही", तर लेखी मागा.

शेवटचं दार आमच्या उद्योगातलं. उद्यमनगर आणि गोकुळ शिरगावात सीएनसी आणि व्हीएमसी या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कातकामाच्या मशीनला जोडलेले विंडोज एक्सपीचे, विंडोज सेव्हनचे कॉम्प्युटर अजून चालतात. मशीन लाखांचं असतं, त्याचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही, ते फेकून कसं देणार? पण त्यांतल्या एक्सपीशी फायलींची देवाणघेवाण करायला एसएमबी या विंडोजच्या फाइल-शेअरिंग पद्धतीची पहिली आवृत्ती चालू ठेवावी लागते आणि १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर नेमकं त्यातल्याच भोकातून जगभर पसरलं. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती त्याआधी दोन महिने, १४ मार्चलाच दिलेली होती. ज्यांनी ती टाकली नव्हती ते सापडले. विंडोज सेव्हनचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज टेनचा १४ ऑक्टोबर २०२५ ला. अशी मशीनं वेगळ्या स्विचवर ठेवा, त्यांना इंटरनेट देऊ नका आणि अकाउंटच्या सर्व्हरपर्यंत त्यांची वाट जाऊ देऊ नका. प्रोग्रॅम न्यायला एक वेगळा पेन ड्राइव्ह ठेवा, जो दुसरीकडे कुठेच लागत नाही.

फायली परत मिळतात का

कधी कधी मिळतात. डीजेव्हीयूच्या चिठ्ठीतला ओळख क्रमांक 'टी१' ने संपत असेल तर कुलूप ऑफलाइन किल्लीने घातलेलं आहे. लागण होताना गुन्हेगाराचा सर्व्हर मिळाला नाही की ते ही राखीव किल्ली वापरतं. अशा काही किल्ल्या एम्सिसॉफ्ट या सुरक्षा कंपनीच्या मोफत उताऱ्यात आहेत. ऑनलाइन किल्ली असेल तर सध्या वाट बंद. तरीही मोठ्या फायलींबाबत आशा सोडू नका. डीजेव्हीयू प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा सुमारे दीडशे केबीचा भागच कुलूपबंद करतं. लग्नाचा व्हिडिओ दोन जीबीचा असेल तर पुढचं सगळं शाबूत असतं. त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगवर घेतलेला दुसरा चांगला व्हिडिओ नमुना म्हणून दिला की दुरुस्तीची मोफत साधनं त्यावरून सुरुवात बांधून देतात. एका स्टुडिओवाल्यांचे कितीतरी व्हिडिओ असे परत आले. आधी प्रत काढा, मग प्रयोग करा.

फोबोससाठी जपानच्या पोलिसांनी जुलै २०२५ मध्ये मोफत उतारा प्रसिद्ध केला. त्याआधी कित्येकांनी "आता काय उपयोग" म्हणून कुलूपबंद फायली पुसून टाकल्या होत्या. म्हणून आज उतारा नसला तरी त्या फायली चिठ्ठीसकट एका डिस्कवर घालून कपाटात ठेवा.

उतारा नसेल तर हिशेब पुन्हा उभे करायचे, आणि ते वाटतं तितकं अशक्य नाही. जीएसटी पोर्टलवर भरलेली विवरणपत्रं असतात, ई-वे बिलं असतात, बँकेची स्टेटमेंटं असतात, सीएच्या ऑफिसात मार्चअखेरची प्रत असते, जीमेलच्या पाठवलेल्या ईमेलमध्ये ड्रॉइंगं आणि कोटेशनं असतात. फौंड्रीत आम्ही तिघांनी अकरा दिवस बसून हेच केलं. हीट नंबरांच्या, म्हणजे भट्टीतल्या प्रत्येक वितळणीच्या क्रमांकांच्या, कागदी वह्या मेल्टिंगच्या फोरमननी जपून ठेवल्या होत्या, त्यावरून टेस्ट सर्टिफिकेटं नव्याने निघाली. त्या माणसाचे उपकार कारखाना विसरणार नाही.

पैसे द्यावेत का, हे सगळे विचारतात. माझं उत्तर नाही असं आहे. किल्ली मिळेलच याची हमी नाही आणि हा माणूस पैसे देतो हे एकदा कळलं की पुढच्या वेळी पुन्हा तोच सापडतो. "आम्ही शंभर टक्के डेटा काढून देतो" असं सांगणाऱ्यांपासूनही जपा. गुन्हेगाराला गुपचूप पैसे देऊन वर स्वतःचा नफा लावण्याचे प्रकार परदेशात उघड झालेत. तक्रार मात्र जरूर करा. १९३० हा क्रमांक आहे, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल आहे. कंपन्यांना २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार असा प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवावं लागतं. उद्या एखाद्या खात्याने मागच्या वर्षाच्या वह्या मागितल्या तर तक्रारीची पोच हाताशी असणं किती मोलाचं आहे, हे मी बघितलंय.

बॅकअप, पण तोडलेला

लक्ष्मीपुरीतला, शाहूपुरीतला व्यापारी पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याकडे कान लावून असतो. पंचगंगा ३९ फुटांना आली की इशारा, ४३ ला धोका. पाणी दुकानात यायच्या आत तो माल माळ्यावर चढवतो. शेजारच्या गाळ्यात हलवत नाही, कारण पाणी तिथेही येणार असतं. सर्व्हरला कायम जोडलेली बॅकअप डिस्क म्हणजे तो शेजारचा गाळा.

तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी, हा जुना नियम आहे आणि तो पुरतो. छोट्या धंद्याला मी असं सांगतो: दोन डिस्क घ्या, आलटून पालटून वापरा. कॉपी झाली की डिस्क काढायची, आणि आदल्या वेळची डिस्क मालकांच्या घरी. क्लाउडवर एक प्रत असू द्या, पण गूगल ड्राइव्हचा फोल्डर कॉम्प्युटरशी जोडलेला असेल तर कुलूपबंद फाइलही तिथे इमानदारीने चढते, हे ध्यानात ठेवा. गूगल ड्राइव्ह अशा फायलींच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंत ठेवतं, त्या मुदतीत परत मिळू शकतात; मात्र हजारो फायली एकेक करून मागे न्यायच्या म्हणजे दिवसचे दिवस जातात.

एकट्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या सुरक्षेतलं 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' चालू करा. २०१७ पासून ते विंडोज टेनमध्येच आहे, वेगळे पैसे लागत नाहीत. अनोळखी प्रोग्रॅमला ते तुमच्या फोल्डरात लिहू देत नाही. एखादं हिशेबाचं सॉफ्टवेअर सुरुवातीला अडतं, त्याला परवानगी द्यायची आणि पुढे जायचं. त्रास होतो म्हणून ते बंद करू नका.

घेतलेला बॅकअप उघडून बघितल्याशिवाय तो आहे असं मी मानत नाही. फौंड्रीत आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी जातो. नेटवर्कला न जोडलेल्या एका जुन्या लॅपटॉपवर डिस्क लावायची, हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कंपनीचं खातं उघडायचं आणि शेवटच्या व्हाउचरचा नंबर अकाउंटंटच्या वहीतल्या नंबराशी जुळवायचा. या महिन्यात नंबर जुळला, पण ड्रॉइंगच्या फोल्डरात तीन दिवसांच्या फायली नव्हत्या. नव्याने लागलेला डिझायनर त्या स्वतःच्या डेस्कटॉपवर ठेवत होता. त्याचं मशीन त्याच दुपारी बॅकअपच्या यादीत घेतलं.